दादाचं जॉर्जिया

चुलत पुतण्याचा फोन आला तो सकाळी. "आत्या, मळ्यातली विहीर बुजवतोय. द्राक्षाच्या ओळी सरळ न्यायच्यात. तुमाला बघायची आसंल तर येऊन जावा." तासगावला एसटी बदलून मी गावात उतरले तेव्हा उन्हं चढली होती. कालव्याचं पाणी आल्यापासून येरळेकाठचा हा मुलूख ओळखू येत नाही. जिथे माळावर कुसळं होती तिथे तारांवर वेली चढल्यात, औषधाच्या फवाऱ्याचा उग्र वास हवेत भरून राहिलाय. विहिरीच्या काठावर पिवळं यंत्र उभं होतं आणि त्याच्या सोंडेतून मुरूम खाली पडत होता. आधी पाण्यावर पडल्याचा आवाज यायचा, मग चिखलावर, मग नुसता मातीवर माती पडल्याचा.

मी तिथे उभी होते आणि मला वास येत होता तो शेंगांचा. ओल्या, नुकत्या उपटलेल्या भुईमुगाचा. आता या शिवारात कुणी शेंगा लावत नाही. पण माझ्या लहानपणी दिवाळीच्या मागेपुढे आमचं अख्खं घर त्या वासात राहायचं. वेल उपटले की मुळांना माती चिकटून यायची. बायका गोल बसून शेंगा तोडायच्या, त्यांच्या बांगड्या एका लयीत वाजत राहायच्या आणि बांधावर तीन दगडांच्या चुलीवर पातेल्यात मीठ घालून शेंगा शिजत असायच्या. उकडलेल्या शेंगेचं टरफल दातांनी फोडलं की आतलं खारट पाणी आधी जिभेवर यायचं. दादा म्हणायचा, ते पाणी ज्याला कळलं त्याला शेंग कळली.

दादा म्हणजे संपतदादा, माझा थोरला भाऊ. कोल्हापूरच्या शेतकी कॉलेजातून तो पहिल्या वर्गात पास झाला आणि शिष्यवृत्ती मिळून भुईमुगाचा अभ्यास करायला अमेरिकेतल्या जॉर्जिया नावाच्या राज्यात गेला. गावात तोवर अमेरिका ऐकून माहीत होती, जॉर्जिया कुणाला माहीत नव्हतं. आबा, म्हणजे आमचे वडील, पलटणीतून सुभेदार होऊन परतलेले. इटलीपर्यंत जाऊन आलेला माणूस, पण तेही गोंधळले. "शेंगा शिकाया येवढ्या लांब? आपल्या हितं काय दगड पिकत्यात?" असं म्हणाले खरे, पण मिरज स्टेशनवर गाडी सुटताना फेट्याच्या शेवानं त्यांनी डोळे पुसलेले मी पाहिले होते.

तो परत आला तो दुष्काळात. येरळेच्या पात्रात तेव्हा नुसती वाळू होती. माणसं सरकारी कामावर खडी फोडायला जायची, दिवसभर माळावरून हातोड्यांचा आवाज यायचा आणि संध्याकाळी सगळ्यांच्या भुवया पांढऱ्या झालेल्या असायच्या. रेशनला तांबडा मिलो, म्हणजे परदेशी ज्वारी, मिळायचा. तोही अमेरिकेचाच. त्याची भाकरी थापताना चिरायची आणि तिला ओल्या पोत्याचा वास यायचा. आई पहिल्या दिवशी दादाला म्हणाली, "तुज्या अमेरिकेचंच वाढतीया बाबा, गोड मानून घे." दादा हसला. मग पहिला घास तोंडात घेऊन कितीतरी वेळ चावत राहिला.

आमच्या विहिरीला मात्र पाणी होतं. खोल गेलं होतं, पण होतं. गाव आमच्या विहिरीवर यायचं.

त्या दिवसांत माझं लग्न ठरलेलं होतं. विट्याची माणसं. सोनं गाळायचं त्यांचं दुकान दक्षिणेत कुठेतरी मोठ्या शहरात होतं आणि मुलगा तिथेच असायचा. पाऊस झाला की लग्न, असं बोलणं झालेलं. मला त्या मुलाचा चेहरा नीट आठवत नव्हता. पोहे देताना मी त्याच्या हाताकडे पाहिलं होतं. बोटांची टोकं आम्लानं पिवळी पडली होती, एवढंच लक्षात राहिलं.

दुपारी कामं आटोपली की दादा खळ्यावर मला जॉर्जिया सांगायचा. काडीनं धुळीत नकाशा काढायचा. "हे बघ बायडे, हे वरचं डोंगर. लय उंच न्हाईत, आपल्या महाबळेश्वरायेवढंच. हितनं जमीन उतरत येती. हितं नद्या खडकावरनं खाली उड्या घेत्यात, म्हणून हितं कापडाच्या गिरण्या. आन् ह्ये खालचं समदं सपाट, शेंगांचं रान. ह्या अंगाला समुद्र." सवाना नावाची नदी पूर्वेची शीव, चॅटाहूची नावाची पश्चिमेची. ती नावं मला म्हणता यायची नाहीत, तो पुन्हा पुन्हा म्हणायला लावायचा. माती तांबडीलाल, इतकी की धुतलेल्या सदऱ्याचा रंगही गुलाबी व्हायचा. मैलोगणती देवदारासारखी उंच झाडं, त्यांच्या चिकाचा वास. दक्षिणेला एक मोठी दलदल, तिथे पाऊल टाकलं की जमीन हलते. मूळच्या लोकांनी तिचं नावच थरथरती जमीन असं ठेवलेलं. राजधानी आपल्या मिरजेसारखी, गाड्या बदलायचं गाव म्हणून वाढलेली. एका युद्धात जाळून टाकली होती, ती पुन्हा उभी राहिली. आणि रस्त्याच्या कडेला, पत्र्याच्या टपऱ्यांत, मिठाच्या पाण्यात उकडलेल्या शेंगा.

"आगदी आपल्यासारक्या?" मी विचारलं.

"आगदी. डोळं मिटून खाल्ल्या तर आईनंच उकडल्यात वाटावं."

मग तो राजकारण सांगायचा, आणि ते सांगताना त्याचा आवाज बदलायचा. तिथल्या काळ्या माणसांना पूर्वी गुलाम करून कापसाच्या शेतात राबवत. गुलामी गेली, पण ताट वेगळं, नळ वेगळा, बसायची जागा वेगळी, हे राहिलं. त्याच्याविरुद्ध उभा राहिलेला एक धर्मोपदेशक त्याच राजधानीतला. आपल्या गांधींना मानायचा, आपल्या देशात येऊनही गेला होता. त्याला गोळी घातली. त्याची शवपेटी खेचरांच्या गाडीवरून नेली आणि रस्ताभर माणसं चालत राहिली. दादा त्या थडग्यावर जाऊन आला होता. तिथला आधीचा गव्हर्नर खानावळवाला होता. काळी माणसं जेवायला आली तेव्हा कुदळीचा दांडा घेऊन त्यांना दारातून हाकलणारा, तोच पुढे गव्हर्नर झाला. त्याच्यानंतर आला तो शेंगा पिकवणारा शेतकरी. पहिल्याच भाषणात तो म्हणाला, भेदभावाचे दिवस आता संपले. दादानं ते कॉलेजच्या खोलीत रेडिओवर ऐकलं होतं.

"मंग संपलं का रं?" आबा लांबून, दोर वळता वळता म्हणाले. आम्हाला वाटत होतं त्यांचं लक्ष नाही.

तेव्हा दादानं रूबेनची गोष्ट सांगितली.

रूबेन प्रयोगाच्या शेतावर काम करायचा. दादाच्याच वयाचा, काळा. दोघं ट्रकमधून लांबच्या शेतावर गेले होते. दुपारी एका छोट्या गावात जेवायला थांबले. खानावळीच्या मालकानं दादाकडे पाहिलं, हा कुठला ते त्याला कळेना. दादानं सांगितलं, भारतातला. मालकानं खुर्ची दाखवली. रूबेन आत आलाच नाही. कायदा बदलला होता, पण त्या गावाला कायदा अजून पोचला नव्हता. दादा आत पंख्याखाली जेवला, रूबेन ट्रकमध्ये बसून कागदात बांधलेलं खात होता. परतताना त्यानं सहज विचारलं, तुझ्या देशात आहेत का आमच्यासारखी माणसं?

"मग तू काय सांगितलंस?" मी विचारलं.

दादानं धुळीतल्या नकाशावरून हात फिरवला. "न्हाई म्हणालो."

आबांचे दोर वळणारे हात थांबले होते. विहिरीकडून रहाटाचा करकर आवाज येत होता.

विहिरीच्या पलीकडे एक बाभूळ होती. तिच्या विरळ सावलीत वस्तीतल्या बायका घागरी घेऊन बसलेल्या असायच्या. सगळं गाव त्या वस्तीला महारवाडा म्हणायचं. दादाबरोबर मॅट्रिकपर्यंत शिकलेला किसन त्या वस्तीतलाच, तो बुद्धवाडा म्हणायचा. त्या बायका रहाटाला हात लावायच्या नाहीत. आमच्यापैकी कुणाला सवड झाली की पाणी शेंदून त्यांच्या घागरीत वरून ओतायचं. आई ओतायची, मी ओतायचे. धार चुकून बाहेर गेली की खाली बसलेली बाई ओंजळ पुढे करायची, तेवढंही वाया जाऊ नये म्हणून. मी ते रोज पाहत होते. मला त्यात कधी काही दिसलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादा बाभळीखाली गेला. किसनची आई, धोंडाबाई, सगळ्यांत पुढे बसली होती. "काकू, उठा," तो म्हणाला. "दोर घ्या हातात. तुमीच काढा."

"नगं रं बाबा," ती म्हणाली. "आमी बसलूय त्येच बरं हाय."

"काकू, मी सांगतुया न्हवं."

ती उठली. तिनं आधी लुगड्याला हात पुसले. मग दोर धरला. रहाट फिरला. काठावरच्या आमच्या बायका घागरी उचलून मागे सरकल्या, एकीनं भरलेली घागर ओतून दिली. त्या कोरड्या जमिनीवर सांडलेलं पाणी क्षणात दिसेनासं झालं. घागर वर आली तेव्हा धोंडाबाईनं ती लगेच उचलली नाही. काठावर तशीच धरून आत पाहत राहिली.

दुपारपर्यंत गावात कळलं. आबा बाहेरून आले ते पायातल्या वहाणांसकट सोप्यात आले. "कुणाला इचारून?"

"आबा, पलटणीत तुमच्या पंगतीला कोन कोन बसायचं?" दादा शांतपणे म्हणाला. "एका टाकीचं पाणी पीत हुता न्हवं?"

"ती पलटण हुती! ह्यो गाव हाय!"

"पाणी तेच हाय की."

"संपत, मी तुला शिकाया धाडला, मला शिकवाया न्हाई!"

आई दोघांच्या मध्ये उभी राहिली. तिच्या हाताला पीठ होतं, ते तिनं पुसलं नाही, बोटांवर तसंच वाळलं.

पुढचे काही दिवस वस्तीतल्या बायका स्वतः पाणी शेंदत राहिल्या आणि गाव आमच्या विहिरीवर यायचं थांबलं, लांबून पाणी आणू लागलं. कुणी आमच्या दारात येईना. मग विट्याची माणसं आली. माझा होणारा सासरा सभ्य होता, चहाला नको म्हणाला. "सुभेदार, तुमच्यावर राग न्हाई," तो म्हणाला. "पर आमालाबी चार माणसांत ऱ्हायाचं हाय. आमचा पोरगा म्हणाला, इथून फुडं आसं होनार न्हाई, एवढं चारचौघांत सांगा. मंग आमचं काय म्हननं न्हाई." आबांनी दोन दिवसांची मुदत मागून घेतली.

संध्याकाळी दादा माझ्याकडे आला. मी गोठ्यामागे शेण्या रचत होते. वाळल्या शेणाचा वास, कडब्याचा वास, आणि क्षितिजावर धुळीनं लालसर झालेला सूर्य. तो उकिडवा बसला.

"बायडे, तू सांग. तू म्हणलीस तर मी चारचौघांत सांगतो. पाऊस पडंस्तवर रहाटाला वस्तीतलं कुणी हात लावनार न्हाई म्हणून. तुझ्या आयुष्याचा सवाल हाय."

मला तोवर कुणी काही विचारलं नव्हतं. शाळा सोडताना नाही, लग्न ठरताना नाही, लुगड्याचा रंगसुद्धा नाही. मी रडायला लागले असते, पण त्यापेक्षा काहीतरी वेगळंच झालं. मला राग आला. त्या पिवळ्या बोटांच्या मुलाचा, आबांचा, आणि खरं सांगते, दादाचाही. एवढं जड काहीतरी आणून त्यानं माझ्या हातात ठेवलं होतं.

"काढू देत पाणी," मी म्हणाले.

"नीट इचार कर."

"केला. जा तू."

मोठं धैर्य म्हणून मी ते बोलले नाही. त्या क्षणी माझ्या तोंडून तेवढंच बाहेर आलं.

लग्न मोडलं. त्या दिवशी आबांनी दादाला म्हटलं, "या घरात मी तरी ऱ्हाईन, न्हाईतर तू." दादानं ट्रंक उचलली. आई वेशीपर्यंत गेली, मी दारातच उभी राहिले. तो सांगलीला गेला आणि एका तेलाच्या गिरणीत नोकरीला लागला, शेंगा पारखायच्या कामावर. दुसऱ्या दिवशी उजाडताच आबांनी विहिरीवरचा रहाट काढून आणला आणि सोप्यात भिंतीला उभा केला. वस्तीतल्या बायका नदीत जायला लागल्या. वाळूत हातभर खड्डा करायचा आणि झिरपणारं पाणी वाटीनं घागरीत भरायचं. आमच्या माळवदावरून त्या दिसायच्या, उन्हात वाकलेल्या, मुंग्यांसारख्या लहान. काही दिवसांनी आईनं न बोलता रहाट परत बसवला. आबांनी पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. बायका पुन्हा बाभळीखाली येऊन बसल्या. मी पुन्हा वरून पाणी ओतू लागले. मी दुसरीकडे बघायचे, धार बाहेर जायची, आणि खालची बाई ओंजळ पुढे करायची.

पुढच्या वर्षी पाऊस झाला. मला स्थळं आली नाहीत. आली ती आबांनी परतवावीत अशी. मी साताऱ्याला अध्यापिका विद्यालयात गेले. आबांनी परवानगी दिली ती कंटाळून, असं आई म्हणायची. साताऱ्याच्या त्या थंड, धुकट सकाळी, वसतिगृहाच्या खिडकीतून अजिंक्यताऱ्याकडे बघत मी भूगोल पाठ करायचे. पुढे जन्मभर तोच शिकवला. लग्न खूप उशिरा झालं, चांगल्या माणसाशी झालं, आणि तोही आता नाही. सुट्टीत घरी जाताना मी सांगलीला थांबायचे. दादाच्या खोलीत तेलाचा आणि पेंडीचा वास असायचा, बाजाराकडून वाऱ्याबरोबर हळदीचा यायचा. तो बोलायचा कमी. जॉर्जियाचं नाव तो काढेनासा झाला होता. मी विचारलं तर म्हणायचा, "सोड गं. ज्याला आपलं गाव सुधारता आलं न्हाई, त्यानं दुसऱ्याचं काय सांगायचं?"

देशातही तेव्हा आणीबाणीचा, दबून बोलायचा काळ होता. एसटीत, चहाच्या टपरीवर माणसं आधी इकडेतिकडे बघायची. त्याच दिवसांत आबांना छातीचं दुखणं झालं आणि त्यांना मिरजेच्या दवाखान्यात ठेवलं. दादा रोज गिरणी सुटली की यायचा आणि कॉटच्या पायथ्याशी उभा राहायचा. बापलेक बोलायचे नाहीत. एका संध्याकाळी आबांच्या हातात वर्तमानपत्र होतं. तो शेंगावाला गव्हर्नर आता अख्ख्या अमेरिकेचा अध्यक्ष झाला होता, त्याचा हसरा फोटो होता.

"ह्योच न्हवं का रं तुजा गव्हर्नर?" आबा म्हणाले. कितीतरी वर्षांनी ते त्याच्याशी बोलत होते.

दादा पुढे झाला. "व्हय आबा. ह्योच."

आबा फोटोकडे बघत राहिले. फिनेलचा वास होता, कुणाच्या तरी खोकल्याचा आवाज येत होता. "त्यो तुजा गडी… रूबेन. त्याला फुडं कवा खरं सांगितलंस का?"

दादानं मान हलवली. "न्हाई. तोंड झालं न्हाई."

आबांनी वर्तमानपत्राची घडी घातली, उशाखाली ठेवली आणि भिंतीकडे कूस वळवली. "मलाबी झालं नसतं," ते म्हणाले. पुढे ते महिनाभरही राहिले नाहीत. त्या दोघांत एवढंच बोलणं झालं.

दादा गेल्या हिवाळ्यात सांगलीतच गेला. गावाकडे वस्तीत कुणाला कळवायचं राहून गेलं.

यंत्र जेवणासाठी थांबलं तेव्हा मी विहिरीवरून निघाले आणि वस्तीत गेले. आता तिथे पक्की घरं आहेत, प्रत्येक दारात नळ. किसन ओट्यावर बसला होता. डोळ्यांना कमी दिसतं, पण माझा आवाज त्यानं ओळखला. दादा गेल्याचं मी सांगितलं. तो बराच वेळ मांडीवरून हात फिरवत राहिला.

"लय चांगला गडी," तो म्हणाला. "आमच्यापायी घर सुटलं त्याचं. तुमचंबी लगीन मोडलं."

"मला विचारलं होतं त्यानं," मी म्हणाले. का म्हणाले, कळत नाही. कदाचित त्याचं ओझं कमी व्हावं म्हणून. "थांबू का म्हणून विचारलं होतं. मीच नको म्हटलं."

किसनचा हात थांबला. "तुमाला इचारलं?"

"हो."

"आमाला न्हाई इचारलं, ताई." त्याच्या आवाजात राग नव्हता. "आमाला ठावं हुतं फुडं काय हुनार ते. त्यो सांगलीला गेला. आमी हितंच हुतो. मुकादमानं कामावरनं माझं नाव काढलं. नदीत वाळू उकरताना बायकूच्या बोटांची सालं गेली, धा जागी. मी त्याला सांगणार हुतो, गड्या, जरा थांब, आदी आमच्याशी बोल."

"मग सांगितलं का नाही?"

आतून त्याच्या सुनेनं चहा आणून दिला. किसननं कप हातात घेतला आणि तसाच धरून ठेवला.

"पयल्याच दिशी, कळल्याबरूबर सांगायलाच गेलो हुतो इहिरीवर," तो म्हणाला. "तर आई दोर वढत हुती. सोता. मी तिचं तोंड बघितलं. आन् तसाच माघारी आलो."